निळ्या दिव्याला कायदा कशाला?

घरातल्या उपकरणांच्या बारीकसारीक कटकटींवर कायदा असावा का, असा विषय निघाला की दोन तट पडायला वेळ लागत नाही. एका तटाकडे लांबलचक यादी असते: रात्रभर डोळ्यांत खुपणारे निळे दिवे, पाच-पाच वेळा बोंबलणारा मायक्रोवेव्ह, शेजारचे सॉकेट झाकून बसणारा अडॅप्टर, ॲपवर खाते उघडल्याशिवाय पेटायलाच नकार देणारा बल्ब. मागणी एकच, यावर बंदी घाला. दुसरा तट हसतो. सरकारला दुसरी कामे नाहीत का, नको असेल तर घेऊ नका, बाजार आपोआप सुधारतो, ही त्याची ठरलेली उत्तरे. हा वाद पुढे सरकत नाही, कारण कटकट केवढी मोठी आहे यावरच दोघे भांडत बसतात. मला तो प्रश्नच गैरलागू वाटतो. पाहायचे ते एवढेच: ही कटकट विकत घेण्याआधी कळू शकते का? आणि घरी आणल्यावर ती बंद करता येते का? दोन्हींचे उत्तर 'नाही' असेल तर तिथे कायदा हवा. तोही फार मोठा नको. बंद करायची सोय द्या आणि खोक्यावर खरे लिहा, इतकाच. बाकीच्या तक्रारी कितीही रास्त असल्या तरी त्या कायद्याच्या दारात नेण्याचे कारण नाही.

निळा दिवाच घ्या. यंत्र चालू असल्याची खूण म्हणून पूर्वी लाल किंवा हिरवा एलईडी असे. ते जुने एलईडी इतके मंद की नीट दिसावेत म्हणून त्यांतून दहा-वीस मिलिअँपिअर प्रवाह सोडावा लागे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये तेजस्वी निळा एलईडी तयार झाला, त्या संशोधनाला पुढे २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेलही मिळाले. तो स्वस्त झाला तसा निळा दिवा म्हणजे नवे, भारी यंत्र असा समज रुजला. दिवा बदलला, पण त्यामागचा, प्रवाह आवरणारा रेझिस्टर बऱ्याच ठिकाणी जुन्याच हिशेबाचा राहिला. हिशेब सोपा आहे. पाच व्होल्टच्या पुरवठ्यापैकी सुमारे तीन व्होल्ट निळा एलईडी घेतो, उरलेले दोन रेझिस्टरवर पडतात. तिथे २२० ओहम असेल तर नऊ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि अंधाऱ्या खोलीच्या छतावर निळा डाग उमटतो. त्याच जागी १० किलोओहम लावला तर प्रवाह ०.२ मिलिअँपिअरवर येतो आणि खूण म्हणून दिवा तरीही स्पष्ट दिसतो. दोन्ही रेझिस्टर आकाराने सारखे, किमतीनेही सारखेच. त्यात डोळ्याची भर. अंधारात आपण डोळ्यांतल्या दंडपेशींनी (मंद उजेड टिपणाऱ्या पेशींनी) पाहतो आणि त्यांची संवेदना ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. निळा एलईडी ४७०च्या जवळ पडतो, लाल ६२०च्या पलीकडे. दिवसा सारखेच वाटणारे दोन दिवे रात्री सारखे राहत नाहीत, ते यामुळे.

आता 'नको असेल तर घेऊ नका' हे इथे लावून पाहा. दुकानात शेकडो लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचे एकक) लखलखाट असतो. झोपायच्या खोलीत रात्री एक लक्सही नसतो. दुकानात तो दिवा पेटलेला आहे की नाही हेच नीट कळत नाही, मग तो खुपेल की नाही हे कसे कळावे? खोक्यावर वॅट असतात, वजन असते, रंगाचे नाव असते. दिव्याच्या तीव्रतेचा उल्लेख कुठेच नसतो. आणि घरी आल्यावर त्रास इतका बेताचा की त्यासाठी कोणी वस्तू परत करत नाही. लोक काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावतात, एकातून झिरपले तर दुसरा लावतात, आणि विसरतात. त्या टेपची बातमी कारखान्यापर्यंत पोचत नाही. बाजार सुधारतो म्हणणाऱ्यांचे म्हणणे तत्त्वतः मान्य आहे, पण बाजाराला सुधारायला आधी खबर तरी लागावी लागते.

बीपची गत थोडी वेगळी आणि जास्त बोलकी आहे. उपकरणात आवाजासाठी बहुधा पिझो बझर असतो, म्हणजे धातूच्या पातळ चकतीवर चिकटवलेले सिरॅमिक. अशी छोटी चकती साधारण दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत मोठ्याने वाजते. आपला कानही तिथेच सर्वांत तिखट. त्यामुळे कमी खर्चात जास्त आवाज हवा असला की तोच पट्टा निवडला जातो. पण वयाबरोबर ऐकू येणे कमी होते ते वरच्या पट्टीपासून. परिणाम असा की तासभर थोपटून झोपवलेले मूल एका बीपने जागे होते, आणि भांडे आत राहिल्याची आठवण ज्या आजोबांना हवी त्यांना तो पलीकडच्या खोलीत ऐकूच येत नाही. घरगुती वस्तूंचे सूचक आवाज कसे असावेत, ज्यांना कमी ऐकू येते त्यांचा त्यात कसा विचार करावा, याचे आयएसओ २४५०० हे आंतरराष्ट्रीय मानक २०१०पासून आहे. ते ऐच्छिक आहे. ऐच्छिक मानकाचे काय होते ते स्वयंपाकघरात उभे राहून ऐकावे.

संतापाची बाब पुढेच आहे. बीप बंद करायची सोय पुष्कळ मायक्रोवेव्हमध्ये आधीपासून असते. स्टॉपचे किंवा एखाद्या अंकाचे बटण तीनेक सेकंद दाबून धरायचे, की आवाज गेला. कोणते बटण हे मॉडेलगणिक वेगळे आणि ते माहितीपुस्तिकेच्या कुठल्यातरी कोपऱ्यात लिहिलेले. म्हणजे सोय करायचा खर्च होऊन गेला आहे, फक्त ती सांगायची राहिली! ज्या मॉडेलमध्ये ती मुळातच नाही तिथे काही लोक बझरच्या भोकावर टेप लावतात. बझर आत असेल तर थेट झाकण उघडायचा मोह होतो. तो आवरावा. मायक्रोवेव्हमधला उच्च व्होल्टेजचा, वीज साठवणारा कपॅसिटर प्लग काढल्यावरही सुमारे दोन हजार व्होल्ट धरून राहू शकतो. तो भार उतरवणारा आतला रेझिस्टर निकामी झाला असेल, तर बोट लागताक्षणी जीव जाऊ शकतो. माणसाला एका बीपसाठी त्या झाकणापर्यंत नेणारी गोष्ट किरकोळ कशी म्हणायची?

आणि किरकोळ गोष्टींवर नियम करणे ही काही आजची टूम नाही. रेडिओ घरोघरी पोचला तेव्हा शेजारी एखादी मोटर सुरू झाली की कार्यक्रमात खरखर भरे. मेख अशी होती की खरखर करणाऱ्या यंत्राच्या मालकाचे काहीच बिघडत नव्हते. ऐकत होता शेजारी, आणि त्याने ते यंत्र घेतलेलेच नव्हते. 'नको असेल तर घेऊ नका' हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? १९३४मध्ये पॅरिसला सीआयएसपीआर ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली, खरखर मोजायच्या पद्धती आणि मर्यादा पुढे ठरत गेल्या, आणि आज त्यांविषयी कोणी वादही घालत नाही. स्टँडबायचेही, म्हणजे काम नसताना यंत्र नुसते खात राहते त्या विजेचेही, तसेच. एक वॅट सतत वर्षभर म्हणजे ८.७६ युनिट, एका घराला त्याचे काय? १९९९मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने एक वॅटचे उद्दिष्ट पुढे केले. युरोपीय संघाने २०१०पासून १ वॅट, डिस्प्ले असल्यास २ वॅट, अशी मर्यादा घातली आणि २०१३पासून ती निम्मी केली. आत कोणता सुटा भाग वापरायचा हे त्या नियमाने सांगितले नाही. आकडा दिला, मोजायची रीत दिली आणि बाकीचे अभियंत्यांवर सोडले. नुसते भिंतीत खोचलेले असतानाही गरम लागणारे ते लोखंडी ट्रान्सफॉर्मरचे अडॅप्टर आता क्वचितच दिसतात. सगळे श्रेय नियमाला देता येणार नाही, त्यांची जागा घेणारे हलके स्विच-मोड पुरवठे स्वस्त होत गेले हेही त्यात आहेच. पण त्या नियमाने शोध थांबले, असे म्हणायला तर अजिबात जागा नाही.

विरोधकांचा खरा वजनदार मुद्दा इथेच येतो: कायदा आजचे तंत्र गोठवतो. युरोपात २००९मध्ये मोबाइल कंपन्यांनी स्वेच्छेने करार केला आणि मायक्रो-यूएसबी हे सामाईक चार्जिंगचे टोक मान्य केले. तेव्हा सुमारे तीस प्रकारचे चार्जर चालू होते. समजा, तो करार नसून कडक कायदा असता, तर? २०१४मध्ये आलेले, कोणत्याही बाजूने घालता येणारे यूएसबी-सी आपल्यापर्यंत पोचायला किती वर्षे लागली असती? मुद्दा खरा आहे. पण याच इतिहासाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. त्या करारात वेगळे टोक ठेवून सोबत जोडणी-अडॅप्टर देण्याची पळवाट होती, ती वापरली गेली, आणि अखेर २०२२मध्ये कायदा करावा लागला. फोन, टॅबलेट वगैरेंसाठी तो २८ डिसेंबर २०२४ला लागू झाला. स्वेच्छेवर पंधरा वर्षे गेली. त्या कायद्यातही तंत्र बदलले की मानक बदलायची तरतूद ठेवलेली आहे.

स्वेच्छेवर सोडण्याची किंमत कधीकधी फार मोठी असते. १९०४च्या फेब्रुवारीत अमेरिकेतले बाल्टिमोर शहर जळत होते. वॉशिंग्टनहून, फिलाडेल्फियाहून बंब धावून आले. पण त्यांच्या होजच्या जोडांचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटला, म्हणजे बंबासाठीच्या रस्त्यावरच्या नळाला, बसेनात. पाणी होते, माणसे होती, आटे जुळत नव्हते. पंधराशेहून अधिक इमारती गेल्या. पुढच्याच वर्षी जोडाचे राष्ट्रीय मानक ठरले, अडीच इंची जोडाला इंचाला साडेसात आटे. ते ऐच्छिक होते. शंभर वर्षांनीही अमेरिकेतल्या अनेक मोठ्या शहरांनी ते स्वीकारलेले नव्हते.

आपल्या घरातले बाल्टिमोर म्हणजे राउटरच्या, सेट-टॉप बॉक्सच्या मागचे ते गोल टोक. बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर, आतल्या पिनेसाठी भोक २.१ किंवा २.५. डोळ्यांना फरक कळत नाही. २.५चे टोक २.१च्या पिनेवर जाते, पण सैल बसते. धक्का लागला की वीज तुटते आणि राउटर पुन्हा सुरू होत राहतो. लोक मात्र इंटरनेटवाल्याला शिव्या देतात. याच आकाराच्या टोकातून ५ व्होल्टही येतात, ९ही, १२ही. काही लॅपटॉपचे १९ही. बारा व्होल्टच्या यंत्रात एकोणीसचे टोक खुशाल बसते आणि आतला व्होल्टेज रेग्युलेटर किंवा कपॅसिटर जातो. बहुतेकांत मधली पिन धन असते, गिटारच्या इफेक्ट पेडलमध्ये मात्र नेमकी ऋण. युरोपचा चार्जर-कायदा या राउटरपर्यंत पोचत नाही, कारण तो मूळ धरून आहे रिचार्ज होणाऱ्या वस्तूंवर. खरे तर गोंधळ इथे जास्त आहे. ब्रिटनने असाच एक गोंधळ कायद्यानेच मिटवला होता. तिथे एकेकाळी उपकरणे नुसत्या मोकळ्या वायरींसह विकली जात. पिन वेगळी आणा आणि तिन्ही वायरी स्वतः जोडा. १९९४च्या नियमांनी पिन बसवूनच विकणे बंधनकारक केले. आज ते इतके साधे वाटते की याला कधी कायदा लागला होता हेच आश्चर्य वाटावे.

तरीही नुसता पोर्टचा आकार ठरवून भागत नाही. यूएसबी-सीच्या पोर्टमध्ये सीसी नावाचे दोन संपर्क असतात. वीज घेणाऱ्या यंत्रात त्या प्रत्येकापासून ग्राउंडपर्यंत ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर लागतो. चार्जर तो पाहतो, पलीकडे घेणारे कोणी आहे अशी खात्री करतो आणि मगच पाच व्होल्ट सोडतो. अनेक स्वस्त दिवे, ट्रिमर, स्पीकर यांत हे दोन रेझिस्टर गाळलेले असतात. मग ते यंत्र सोबतच्या ए-टू-सी केबलवर चार्ज होते, कारण जुन्या ए पोर्टवर पाच व्होल्ट कायमच असतात. सी-टू-सी केबलवर मात्र ढिम्म. माणूस चार्जर बिघडला समजून दुसरा आणतो. चांगल्या लोकांकडूनही हे चुकते: २०१९च्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकामध्ये दोन संपर्कांना मिळून एकच रेझिस्टर जोडला होता आणि त्यामुळे चिप असलेल्या केबलवर तो वीजच घेईना. पुढच्या आवृत्तीत ते सुधारले. मानकात हे सगळे नीट लिहिलेले आहे. खोक्यावर मात्र पोर्टचे चित्र छापले की काम झाले, असा हिशेब असतो.

आता मला सर्वांत अडचणीचा असलेला मुद्दा. कायदाच कटकट निर्माण करतो, त्याचे काय? धूर-सूचक अलार्मचा सेल उतरला की तो दर मिनिटाला एकदा टुक् करतो. ही लहर कंपनीची नाही. अमेरिकेत सुरक्षा-मानकच तसे सांगते, आणि हा इशारा किमान सात दिवस चालला पाहिजे अशीही अट आहे. तो पहाटेच का सुरू होतो, याचे कारण सेलमध्ये आहे. घर गार झाले की सेलचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेखाली जाते. सकाळी उबदार झाले की पुन्हा वर येते आणि आवाज थांबतो. म्हणून दिवसा शोधायला जावे तर सगळे ठीक. रात्री शोधावे तर कान दाद देत नाही. आवाज कोणत्या बाजूने आला हे आपण दोन कानांमधल्या वेळेच्या फरकावरून ओळखतो, पण ही युक्ती साधारण दीड किलोहर्ट्झच्या खालीच नीट चालते. अलार्म वाजतो तीनच्या आसपास, तोही क्षणभर, आणि भिंतींवरून परावर्तित होऊन. वैतागलेला माणूस काय करतो? अलार्म उतरवून सेल काढून ठेवतो. जीव वाचवण्यासाठी केलेल्या नियमाने घरातले संरक्षणच गेले.

स्टँडबायच्या नियमाचीही अशी एक सावली आहे. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात काम नसताना यंत्राने आपोआप झोपी जावे अशी अट आली. त्यामुळे काही स्पीकर रात्री हळू आवाजात गाणे चालू असतानाच बंद पडतात, कारण सिग्नल त्यांच्या जाग येण्याच्या पातळीखाली असतो. मागे छोटा स्विच असेल तर ठीक, नसेल तर बसा आवाज वाढवत.

म्हणजे नियम करूच नयेत? मला यातून उलट निष्कर्ष निघतो असे वाटते. दोन्ही ठिकाणी उद्देश बरोबर होता आणि माणसाच्या हातातली कळ गायब होती. बटण दाबले की टुकटुक सकाळपर्यंत थांबेल, एवढी मुभा मानकात सक्तीची असती तर सेल काढायची वेळ आली नसती; काही अलार्ममध्ये ती आता असते. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी दहा वर्षे टिकणारे बंद सेल बंधनकारक झाले, तोही एक मार्ग. नियम चुकतो तो बहुतेक वेळा मोजमापात किंवा सवलतीत. टीव्हीवरच्या कर्कश जाहिरातींचे पाहा. पूर्वी मर्यादा होती ती आवाजाच्या शिखरावर. जाहिरातवाल्यांनी शिखर न ओलांडता मधल्या सगळ्या दऱ्या भरून काढल्या. कागदावर सारे नियमात आणि कानाला असह्य. अमेरिकेचा डिसेंबर २०१२पासून लागू झालेला कायदा सरासरी जाणवणारा आवाज मोजतो, जाहिरात आणि कार्यक्रम यांना एकाच मापाने. तिथे अंमलबजावणी मुख्यतः तक्रारींवर चालते, हा त्याचा लंगडा पाय.

बंदी मागणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र ऐकलीच पाहिजे. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी बीप हाच डिस्प्ले आहे. सपाट काचेच्या टच-पॅनेलवर बोट फिरवताना बटण लागले की नाही हे त्याला आवाजाशिवाय कळणार कसे? म्हणून 'बीप बंद करा' असा कायदा क्रूर ठरेल. 'बीप बंद किंवा हळू करता यावा, वीज जाऊन आली तरी ती निवड टिकावी आणि ती कशी करायची हे यंत्रावरच छापलेले असावे' हा कायदा कोणाचेच काढून घेत नाही. मधले कलम विसरू नये: सध्या अनेक यंत्रांत प्लग काढला की बीप परत येतो. दिव्यासाठी अंधाऱ्या खोलीत ठरावीक अंतरावरून मोजलेली तीव्रतेची मर्यादा, किंवा दिवा विझवायची सोय. गोल टोकाच्या अडॅप्टरसाठी टोकावरच व्होल्टेज आणि ध्रुवता (मधली पिन धन की ऋण) कोरलेली, फक्त अडॅप्टरच्या पाठीवर करड्यावर करड्या अक्षरात नको. ॲपशिवाय न चालणाऱ्या वस्तूच्या खोक्यावर तसे ठळक लिहिलेले, आणि सर्व्हर किती वर्षे चालेल तेही. ब्रिटनने एप्रिल २०२४पासून सुरक्षा-अपडेट किती काळ मिळतील हे जाहीर करायला लावलेच आहे.

लुकलुकणारे १२:०० मात्र मी या यादीत घेणार नाही, कितीही आग्रह झाला तरी. वीज गेली की घड्याळ पुसणारा ओव्हन हा आळशी रचनेचा नमुना आहे, एका छोट्या कपॅसिटरने ते टळले असते. पण तो दुकानातही लुकलुकतच असतो, घेणाऱ्याला दिसतो, झोपलेल्या कोणाला उठवत नाही आणि दोन बटणांनी दुरुस्त होतो. शिवाय घड्याळ नीट चालवणे वाटते तितके फक्त ओव्हनच्या हातात नसते. २०१८च्या जानेवारी ते मार्चमध्ये युरोपच्या वीजजाळ्याची सरासरी वारंवारता ५०ऐवजी ४९.९९६ हर्ट्झ राहिली आणि तिच्यावर वेळ मोजणारी घड्याळे जवळपास सहा मिनिटे मागे पडली. एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत वारंवारता किंचित वाढवून ती कसर भरून काढली गेली, आणि ज्यांनी मधल्या काळात वैतागून घड्याळ बरोबर लावून घेतले होते, त्यांचे घड्याळ तेवढेच पुढे गेले.